चार बाय दीडची मोजणी

"पेन्सिल दे," आप्पा म्हणाले. काचेला टेकवलेलं नाक तसंच ठेवून.

मी त्यांच्या हातात लाल मेणाची पेन्सिल ठेवली. काचेवर उमटणारी ही पेन्सिल त्यांनीच फुले मार्केटात चार दुकानं पालथी घालून आणलेली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वाळूपासून मधल्या काळ्या दगडाच्या कपारीपर्यंत एक तुटक रेघ काढली. डावीकडे लिहिलं १, उजवीकडे २.

"हाऊ त्याना बांध शे. तठे दुसरा कोनी जास नही. देख."

मी बघत राहिले. पिवळा मासा डावीकडून सावकाश आला, रेघेच्या जरा अलीकडे थबकला आणि त्याने सगळे पर ताठ केले. पलीकडच्या कपारीतून निळा सरसावला. पिवळ्याने जागच्या जागी गिरकी घेतली आणि परत फिरला. आप्पांची रेघ बोटभर चुकली होती. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि डावीकडे सरकवून पुन्हा काढली.

आप्पा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा या तालुक्यांतले बांध त्यांनी उन्हातान्हात पायी तुडवले. मोजणीला गेलं की एका अंगाने शिव्या आणि दुसऱ्या अंगाने चहा, हे त्यांच्या नोकरीचं वर्णन. आई गेल्यावर ते जळगावला आमच्याकडे आले तेव्हा माशांच्या टाकीकडे ढुंकूनही बघत नव्हते. पाण्यात पैसा घालायचा तर विहिरीत घालावा, असं त्यांचं स्वच्छ मत. मग एका दुपारी त्यांना दिसलं की हे मासे नुसते इकडून तिकडे फिरत नाहीत, एकमेकांना हद्दीवरून हाकलतात. तिथून माझी टाकी माझी राहिली नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर २५५ लिटर. एका गुंठ्यात अशा १८१ टाक्या बसतात, हा हिशेबही त्यांचाच.

पण ही दुसरी टाकी. पहिलीची गोष्ट सांगायला मला अजून थोडी लाज वाटते.

मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटी टाकी आणली. दुकानदार गोड बोलणारा होता. "ताई, सगळे एकत्र राहतात, काही टेन्शन नाही." टाकीसोबत त्याने दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश, अंगठ्याएवढा एक ऑस्कर आणि काचेला चिकटणारा एक सकर पिशव्यांत भरून दिला. मी भूगोल शिकवते. चीन, सुमात्रा आणि ॲमेझॉनचं खोरं मी त्या संध्याकाळी जेमतेम ५५ लिटर पाण्यात सोडलं आणि वर मुलाकडून केक खाल्ला.

तिसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. निऑन सहाचे पाच, पाचाचे तीन. मेलेला एकही सापडेना. मुलाला वाटलं, ते लपलेत. ऑस्करचं पोट मात्र गोल होत चाललं होतं. टायगर बार्बांनी एंजलच्या लांब पट्ट्यांसारख्या परांच्या चिंध्या केल्या. थंड पाण्यातले गोल्डफिश एप्रिल ओलांडू शकले नाहीत. टाकीतलं पाणी ३३ अंशांवर गेलं होतं, आणि जळगावचा एप्रिल म्हणजे मे महिन्याची नुसती रंगीत तालीम. उरले ऑस्कर आणि सकर. पैकी ऑस्कर वर्षभरात फूटभर होऊ शकतो आणि सकरही त्याच वाटेने जातो, हे दुकानात कुणी बोललं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. साडीच्या दुकानात जो रंग आवडला तो घेतो, तसे मी मासे घेतले होते.

अमोनियाचं प्रकरण तर मला पुढे कळलं. माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसण्यासारखं. फिल्टरमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही चार तासही दिले नव्हते.

डोळे उघडले ते आरओ दुरुस्त करायला आलेल्या पोराने. त्याच्या खिशात टीडीएस मोजायचं पेन होतं. जाता जाता गंमत म्हणून त्याने ते टाकीत बुडवलं. आकडा आला ८४०.

"बोअरचं का ताई? यात तर डाळ शिजत नाही. मासे कसे शिजतील?"

विनोद वाईट होता, पण आकडा खरा होता. आमच्या कॉलनीच्या बोअरचं पाणी म्हणजे गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर, नळाच्या तोटीला पांढरी दाढी आणि तूरडाळीला चार शिट्ट्या जास्त. हे पाणी आम्ही जन्मभर शिव्या देत वापरलं. टीडीएसच्या आकड्यात सगळे क्षार येतात, त्यातला जडपणा किती हे वेगळं मोजावं लागतं. म्हणून मी थेंबांचं किट मागवलं. काचेच्या नळीत पाच मिली पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. थेंबाला जडपणाचा एक अंश. मुलगा मोठ्याने मोजत होता. अकरा, बारा, तेरा. पाणी लालच. एकोणिसाव्या थेंबाला ते हिरवं झालं. पीएच आठच्या वर, म्हणजे पाणी अल्कधर्मी.

मग मी उलटीकडून विचार केला. आवडलेला मासा आणून त्याच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा, आपल्या पाण्याला कोण रुचेल ते बघायचं. आमच्याकडे सोयरीक करताना जुनी माणसं गावाची विहीर कुठे आहे, पाणी कसं आहे, ते आधी विचारायची आणि मुलाचं नाक नंतर बघायची. माझ्या आत्याने दिलेला एक नकार तर निव्वळ हंड्याच्या अंतरावरून होता.

शोधता शोधता सापडलं ते सिक्लिड नावाचं माशांचं कुळ. ते पसरलंय प्रचंड. नाव दिलेल्या जातीच सतराशेच्या आसपास. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेचे. मधल्या अमेरिकेतले काही इतके तापट, की जोडी जमली की बाकी टाकी रिकामी करून मागतात. आफ्रिकेतल्या सरोवरांत तर शेकड्यांनी जाती. आपल्याकडेही आहेत. कोकण-गोव्यात कालुंदर म्हणतात तो सिक्लिडच. केरळात त्याला करीमीन म्हणतात आणि २०१० पासून तो तिथला राज्यमासा आहे. मासळी बाजारात बर्फावर पडलेली चिलापीही याच कुळातली. मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये, आणि आता तिला हाकलणं कुणाच्या हातात नाही. हे ऐकल्यावर आप्पांनी टाकीकडे आणि मग माझ्याकडे संशयाने बघितलं. "म्हंजे आपन चिलापीले ऐंशी रुप्याना डबा खावाडतस?" असं काहीसं ते पुटपुटले. डबा साडेतीनशेचा होता. मी ते सांगितलं नाही.

एकाच कुळातले म्हणून एकत्र राहतील, हा दुसरा मोठा गैरसमज. डिस्कसला मऊ, आम्लधर्मी, २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं. आमच्या उकाड्याला तो शोभेल, पण आमच्या बोअरला नाही. बाजारातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले असल्यामुळे जड पाणीही चालवून घेतात, पण त्यांना आफ्रिकेच्या धटिंगणांत सोडणं म्हणजे जरीकाठी नेसून कबड्डीला उतरणं. आणि फ्लॉवरहॉर्न. डोक्यावर टेंगूळ असलेला हा संकरित मासा 'लकी' म्हणून विकतात. टेंगूळ जितकं मोठं तितकी भरभराट. तो बहुतेक वेळा एकटाच ठेवावा लागतो, कारण दुसरा मासा त्याला खपत नाही. भरभराटीचं हे चिन्ह मला फारसं पटलेलं नाही. पॅरट फिश म्हणून विकला जाणारा दुसरा संकरित मासा, ज्याचं तोंड धड मिटतही नाही, तो मी कुणालाच घे म्हणणार नाही.

माझं पाणी घेऊन मी पोचले ते मालावी सरोवरापाशी. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतलं सुमारे ५८० किलोमीटर लांबीचं, ७०० मीटरच्या आसपास खोल पाणी. वर्गात मी तापी शिकवताना 'खचदरीतून पश्चिमेला वाहणारी नदी' असं फळ्यावर दरवर्षी लिहिते. एका खचदरीतल्या बाईने दुसऱ्या खचदरीतले मासे पाळावेत, यात शास्त्र काही नाही, पण मला बरं वाटलं. मालावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६. खरं तर त्या सरोवराचं पाणी आमच्या बोअरइतकं जड नाहीच. म्हणून मी अर्धं बोअरचं आणि अर्धं वाघूर धरणाचं नळाचं पाणी मिसळते. नळाचं पाणी ड्रममध्ये एक दिवस ठेवायचं, बुडबुडे काढणारा हवेचा दगड सोडायचा आणि वर क्लोरीन मारायचे थेंब टाकायचे. नळाला पाणी येण्याचा दिवस आणि टाकीचं पाणी बदलण्याचा दिवस आमच्याकडे एकच असतो. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी गोड बोलत नाही.

मालावीच्या काठच्या खडकांत राहणाऱ्या माशांना तिथले लोक 'म्बुना' म्हणतात. प्रत्येक नराला एक दगड, एक कपार, पुढ्यातली वीतभर वाळू. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणं आणि आपल्या शेवाळावर दुसऱ्याला येऊ न देणं, एवढाच दिनक्रम. दगड मात्र त्यांना ढीगभर लागतात. मी गिरणाकाठून काळे गुळगुळीत दगड आणले आणि एकेकावर लिंबू पिळून बघितलं. फसफसला तर चुना. आमचा बसाल्ट, तो कशाला फसफसतोय. दगड आधी थेट तळाच्या काचेवर, खाली थर्माकोलची पट्टी देऊन बसवायचे आणि वाळू नंतर ओतायची. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. चौथ्या दिवशी मधला दगड खालून पोकळ होऊन काचेवर कलंडला. काच वाचली. नवऱ्याने त्या दिवसापासून टाकीखालच्या सतरंजीवर झोपणं सोडलं.

निवड करताना मी पाण्यानंतर पोट बघितलं. म्बुनांपैकी बऱ्याच जणांचं आतडं लांब असतं, शेवाळावर पोसलेलं. त्यांना रक्तकिडे, मांसाचा चारा नेहमी दिला की पोट फुगतं आणि दोन-चार दिवसांत मासा संपतो. मला हे पावडर ब्लू नावाच्या एका निळ्या म्बुनाच्या जिवावर कळलं. गोठवलेले रक्तकिडे 'ताकदीला' म्हणून मला दिले गेले होते, आणि मीही ताकद म्हटल्यावर भुलले. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला दोन्ही वेळ तर्रीदार शेवभाजी घातली तर जे होईल ते झालं. आता स्पिरुलिना शेवाळाचे दाणे, आणि रविवारी उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान चिमट्याला लावून. याच कारणाने मांसाहारी आणि शेवाळखाऊ एका टाकीत ठेवू नयेत. भांडतील म्हणून नाही, तर एकाला पोसताना दुसरा मरतो म्हणून.

मग तोंड. जे तोंडात मावतं ते मासा खातो. यात दुष्टपणा नाही. माझे निऑन गेले ते वैरापायी गेले नाहीत, मापापायी गेले.

स्वभाव सगळ्यात शेवटी, आणि तिथेच मी परत फसले.

आठ इलेक्ट्रिक येलो घेतले. म्बुनांमध्ये हे त्यातल्या त्यात मवाळ. सहा पावडर ब्लू. पिवळ्यांबरोबर रेड झेब्रा घ्यायचा मोह होता, पण त्यांचं आपसांत जमतं आणि धड पिवळी ना धड लाल अशी पिल्लं होतात, म्हणून सोडला. नर-मादी एकास तीन-चार असावेत, म्हणजे नराचा त्रास एकाच मादीला होत नाही. पण लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, म्हणून जास्त पिल्लं घेऊन मोठी झाल्यावर नर कमी करायचे. दिसायला सारखे नर एकत्र नकोत. मासा पाठ लागतो तो बहुधा आपल्यासारख्या दिसणाऱ्याच्या. शेजाऱ्यापेक्षा भाऊबंदाचा राग जास्त, हे आप्पांना समजावून सांगावं लागलं नाही.

पावडर ब्लूंच्या पिशवीत एक मासा जरा वेगळा होता. निळा, पण अंगावर गडद पट्टे. दुकानात म्हणाले, "चालून जातो." तीन महिने चालूनही गेला. मग एका सकाळी आप्पा म्हणाले, त्याचं पोट पिवळं दिसतंय. आठवडाभरात तो सगळाच पिवळा झाला. तो केनयी होता. या जातीत माद्या आयुष्यभर निळ्या राहतात आणि नर वयात आला की पिवळा होतो. रंग फिरला त्या आठवड्यापासून आप्पांचे नकाशे रोज खोटे ठरायला लागले. आधी १ आणि २ मधला बांध गेला. मग ३. पंधरा दिवसांत अर्धी टाकी त्याच्या नावावर चढली. बाकीचे बारा-तेरा मासे हीटरच्या मागे आणि फिल्टरच्या पाइपखाली उभे, पर मिटलेले. माझ्या सगळ्यात मोठ्या पिवळ्याच्या शेपटीचा एका रात्रीत खराटा झाला. त्याचा गुन्हा एवढाच की तोही पिवळा होता.

केनयीला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले, रात्री अकराला, बॅटरीच्या उजेडात, दोन जाळ्या घेऊन. मुलगा, नवरा, मी आणि सूचना द्यायला आप्पा. दुकानाने तो परत घेतला आणि वर म्हणाले, "फार सुंदर कलर आलाय." त्यांनी तो कुणाला विकला असेल, ते मी विचारलं नाही.

दगड परत लावताना मी मुद्दाम वेगळी मांडणी केली. हा सिक्लिड पाळणाऱ्यांचा जुना उपाय आहे. नवा मासा सोडताना दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांचेही हक्क मोडतात आणि सगळे एकाच वेळी नव्याने सुरुवात करतात. त्याच वेळी सहा माद्या वाढवल्या. आप्पांना हे मुळीच पटलं नाही. आधीच भांडणं, त्यात आणखी गर्दी? आठवड्याने ते स्वतःच म्हणाले, "भांडन कमी व्हयनं." थोडी गर्दी असली की कोणत्याही एकाला दुसऱ्या एकाच्याच मागे लागायला फुरसत मिळत नाही. मग त्यांना नोकरीतलं आठवलं. एका गटात दोन भाऊ असले की डोकी फुटतात. तेच बारा हिस्सेदार झाले की तहसीलमध्ये नुसत्या तारखा पडतात.

पण या गर्दीचं भाडं भरावं लागतं. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. फिल्टर टाकीच्या मानाने मोठा हवा. आणि जिथे पीएच चढा तिथे अमोनियाही जास्त विषारी होतो. उकाड्यात तर आणखीच. म्हणजे जड पाणी वरदान म्हणावं, तर त्याचा हा असा व्याजदर.

उन्हाळ्याची गोष्ट पाळणाऱ्यांच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही, कारण ती पुस्तकं हीटर लावणाऱ्यांनी लिहिलेली असतात. आम्हाला हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याचा पारा एक आकडी झाला की. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना टाकी ३२ च्या खाली ठेवणं हाच पराक्रम. टाकीचं झाकण काढून, वर जाळी टाकून, पाण्यावरून पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात. पण दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, क्षार नाही. वरून पुन्हा बोअरचं ओतलं तर महिन्यात टाकीचं खारं तळं होईल. म्हणून उडालेलं भरायचं ते आरओचं. घरातली माणसं माठातलं पितात आणि मासे आरओचं, यावर घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी बोलतो.

गेल्या वर्षी मेच्या शेवटी वादळ झालं. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या त्या संध्याकाळी. आमच्याकडे वीज गेली ती सात तास. इन्व्हर्टरने चार तास हवेचा पंप ओढला आणि मान टाकली. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३५ अंशांना सातच्याही जरा खाली. रात्री बाराला सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून उभे राहिले. सगळे एका पातळीत, हद्दी विसरून. मी मेणबत्ती धरली. आप्पांनी तांब्या घेतला, टाकीतून भरला, हातभर उंचावरून धार धरली. परत भरला, परत धार. शंभरेक तांबे झाल्यावर मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी दिला नाही. अर्ध्या तासाने दिला, दंड चोळत. मग माझे शंभर. पहाटे तीनला दिवे आले तेव्हा जमिनीवर पाण्याचं तळं, आणि आप्पा खुर्चीत तांब्या मांडीवर धरून झोपलेले. एक पावडर ब्लू गेला. बाकीचे सकाळी आठच्या आत एकमेकांना हाकलायला लागले होते. मला इतका आनंद कधी भांडणाचा झाला नव्हता.

पहिल्या टाकीतला ऑस्कर मी ओळखीच्या एकांकडे दिला. त्यांची टाकी सहा फुटी आहे. तिथे तो चांदीच्या रुपयासारख्या चपट्या सिल्व्हर डॉलरांबरोबर सुखात आहे आणि हातातून दाणे खातो. सकरसाठी मात्र मला एकाने सरळ सुचवलं होतं, "गणपतीसोबत मेहरूण तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." हा सकर देशातल्या कितीतरी जलाशयांत असाच पुण्य लावणाऱ्यांच्या हातून पोचलाय आणि तिथल्या कोळ्यांची जाळी फाडतोय. तो त्याच ऑस्करच्या टाकीत गेला.

तळाशी कुणीतरी असावं म्हणून मी टांगानिका सरोवरातल्या मांगुरासारख्या ठिपकेदार माशांबद्दल वाचत होते. सायनोडोंटिस. त्यांच्यातली एक जात कोकिळेसारखी आहे. तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिडची मादी अंडी देऊन ती तोंडात घ्यायला वळते तेवढ्यात हा जोडीने घुसतो, तिची चार अंडी खातो, आपली टाकतो. ती बिचारी सगळी तोंडात भरून घेते. कोकिळ-माशाची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्या तोंडातच तिची अंडी खातात. आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते.

"हाई तर खोटी वारसनोंद शे," ते शेवटी म्हणाले. मी तो मासा आणला नाही.

या श्रावणात एका पिवळ्या मादीने दाणे खाणं सोडलं. आधी मला पोटफुगीची धास्ती वाटली. मग बाजूने बघितलं तर हनुवटीखाली पिशवी लोंबावी तसा जबडा भरलेला. मधूनच ती तोंड हलवायची, चूळ भरावी तशी, आणि क्षणभर ओठांच्या फटीतून आत पिवळसर गोळे सरकताना दिसायचे. अंडी. तीन आठवडे ती न खाता फिरली. फिरली म्हणजे लपली. आप्पांनी नकाशात तिला नंबर दिला नाही. मोजणीत देवळाची जागा सोडतात, तशी तिची कपार सोडली. मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज फुली मारली. बाविसाव्या फुलीच्या दिवशी शाळेतून आले तर तिचा जबडा सपाट आणि ती पालकाच्या पानावर तुटून पडलेली.

पिल्लं शोधायला दोन दिवस गेले. बरीचशी बाकीच्यांनी खाल्ली असणार. जे तोंडात मावतं ते. तिसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाइपामागच्या, दोन बोटं रुंद सांदीत मला नखाएवढे तीन पिवळे ठिपके दिसले. मी आप्पांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं. एक पिल्लू सांदीतल्या एका खड्याशी उभं होतं. दुसरं जवळ आलं. पहिल्याने पर ताठ केले, नसल्यासारखेच ते, आणि दुसऱ्याला सुतभर मागे रेटलं.

मी पेन्सिल पुढे केली. "सातबारा कोणाच्या नावे लिहायचा, आप्पा?"

"थांब," ते म्हणाले, नाक न हलवता. "आते पीकपाहनी बाकी शे."